मुलींच्या इमारतीतली मुलांची शाळा

फिंतासच्या त्या गल्लीत टॅक्सी थांबली तेव्हा मला वाटलं ड्रायव्हर चुकला. समोर एक दुमजली बंगला होता. खाऱ्या वाऱ्याने गेटच्या रंगाचे पोपडे निघालेले, वरच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, आणि एका खिडकीतून पाढे म्हटल्यासारखा आवाज येत होता. मी लातूरकडचा फिजिक्सचा मास्तर. कुवेतमधली शाळा, तीही परीक्षा घेऊन मुलं निवडणारी, म्हणजे मोठं मैदान असेल, काचेच्या खिडक्या असतील, असं काहीतरी मनाशी धरून मी विमानातून उतरलो होतो.

"यही है साब," ड्रायव्हर बॅग काढून देत म्हणाला. "बडा मुश्किल स्कूल है. मेरा लडका दो बार बैठा, नहीं हुआ."

आत अंगणात एक उंच, सडपातळ गृहस्थ मुलांची नखं तपासत उभे होते. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारलं, "लातूरचे ना तुम्ही? जेवलात का?" कुवेतमध्ये कानावर पडलेलं ते माझं पहिलं मराठी. नाही म्हटल्यावर त्यांनी एका मुलाला हात खाली घ्यायला सांगितलं आणि मला म्हणाले, "मग आधी जेवा. उपाशी मास्तराच्या वर्गात पोरं दंगा करतात."

हेच मोठे सर. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या एका मुसलमान वस्तीतले. शाळा त्यांनीच सुरू केलेली. आमचे निम्मे शिक्षक केरळचे, त्यांना मराठीचा गंध नाही, पण तेही त्यांना 'मोठे सर' म्हणायचे. गणिताच्या सरांना तर कितीतरी वर्षं वाटत होतं की ते त्यांचं आडनावच आहे.

शाळेचा इतिहास कुठे लिहिलेला नव्हता. मधल्या सुट्टीत मोठे सर चहा घेता घेता सांगतील तेवढाच. ते तरुणपणी इथे आले ते एका व्यापाऱ्याच्या दुकानात हिशेबनीस म्हणून. दुकानामागच्या खोलीत संध्याकाळी गावाकडच्या लोकांच्या पोरांना शिकवायला बसायचे. पोरं वाढली, खोली पुरेना. मग एका कुवेती गृहस्थाने आपला जुना बंगला भाड्याने दिला.

"पण मुलांचीच का सर? मुली का नाहीत?" मी एकदा विचारलं. मला वाटलं होतं यामागे काही मोठं धोरण असेल.

"अरे बाबा, बंगल्यात संडास एकाच बाजूला," ते म्हणाले. "जिनाही एकच. मुलामुलींची शाळा काढायची तर दोन्ही वेगवेगळं पाहिजे, नाहीतर परवाना नाही. म्हणून मुलांची."

"आणि प्रवेश परीक्षा?"

"जागा नव्हती म्हणून. आठ खोल्या, त्यात एकीत ऑफिस. रांग लागायची गेटच्या बाहेर. कुणाला तरी नाही म्हणायचं, तर निदान काहीतरी बघून नाही म्हणावं. म्हणून परीक्षा. पुढे लोकच म्हणायला लागले, फार कडक शाळा, फार हुशार पोरं. मलाही ते गोड वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू?"

इराकचं सैन्य शिरलं तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, पण सर गावी गेले नव्हते. कितीतरी कुटुंबांबरोबर ते बसने वाळवंटातून जॉर्डनला गेले, तिथल्या तंबूंत राहिले, आणि मग विमानाने मुंबईला. लढाई संपल्यावर परत आले तेव्हा बंगल्यातले सगळे बाक कुणीतरी सरपणासाठी जाळले होते. फळे मात्र भिंतीवर तसेच होते. घरमालकाने आपल्या दिवानियातले, म्हणजे पुरुष मंडळी बसतात त्या बैठकीतले, गालिचे उचलून आणले आणि वर्गात अंथरले. पहिले काही महिने आमच्या शाळेतली पोरं लाल गालिच्यावर मांडी घालून बीजगणित शिकली. हे सांगताना सर हसायचे. "एवढ्या थाटात पुन्हा कधी शाळा भरली नाही."

मी लागलो तेव्हा शाळेचा स्वभाव पक्का झालेला होता. सहावीसाठी दर वर्षी परीक्षा व्हायची. आधी गणित आणि भाषेचा पेपर, मग मोठ्या सरांसमोर तोंडी. तोंडीला ते एकच प्रश्न विचारत, "येताना वाटेत काय पाहिलंस?" पेपरात पहिला आलेला मुलगा "काही नाही" म्हणाला तर त्याचा नंबर घसरायचा, आणि काठावरचा एखादा पाच मिनिटं बोलत राहिला तर वर यायचा. यावरून पालकांची भांडणं होत. एका इंजिनिअरने गेटवर येऊन आरडाओरडा केलेला मी पाहिला आहे, की ट्रक ड्रायव्हरचं पोर आत आणि माझं बाहेर कसं?

आत आल्यावर मात्र सुटका नव्हती. दर गुरुवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, टेस्ट. रविवारी जिन्याखालच्या फळ्यावर नंबर लागत. त्या नंबराप्रमाणे आठवडाभर बसायचं. पहिला पहिल्या बाकावर, शेवटचा शेवटी. मला आधी हे फार आवडलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला. तिथे कुणी आम्हाला एवढं मोजलंच नव्हतं. इथली मुलं पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारत, मी चुकलो तर हात वर करून सांगत. वर्ग संपला की मला स्वतःला अभ्यासाला बसावं लागे. मास्तर म्हणून एवढं सुख मला दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

सुरुवातीची काही वर्षं मी एकटाच होतो. कोकणातल्या चार सुतारांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचो. मग बायको आली, मुलगा झाला, आम्ही एगैलाच्या बाजूला भाड्याने घर घेतलं. बायको तिथल्याच एका मुलींच्या शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवायला लागली.

मुलगा सहावीच्या वयाचा झाला तेव्हा मी पेपर काढण्यातून बाजूला झालो. तोंडीला तो आत गेला, मी बाहेर अंगणात फेऱ्या मारत राहिलो. नंतर सरांनीच मला सांगितलं. "येताना काय पाहिलंस?" या प्रश्नावर तो म्हणाला, एक मांजर गाडीखाली बसून एसीचं गळणारं पाणी पीत होती. पण थेंब तिच्या नाकावरच पडत होते, तोंडात जात नव्हते. मग तिने डोकं वाकडं केलं, तेव्हा जमलं. हे सगळं त्याने इंग्रजीत सांगितलं. आमच्याशी तो तसंच बोलतो, आम्ही मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं. यादीत त्याचं नाव शेवटून दुसरं होतं.

तिथून पुढे तो शेवटच्या बाकांवरच राहिला. गणिताला त्याचं डोकं चालत नसे असं नाही. वेळ लागे. बायको म्हणायची, "बुधवारपासून त्याचं पोट दुखतं. तुम्हाला दिसत नाही का?" मला दिसत होतं. मोठ्या सरांशी मी बोललोही. ते म्हणाले, "आठवीपर्यंत सावरतात पोरं. बघू."

करोनाची दोन वर्षं ऑनलाइन शिकवण्यात गेली. पुन्हा वर्ग भरायला लागले आणि त्याच हिवाळ्यात म्हातारे घरमालक वारले. मोठे सर तीन दिवस त्यांच्या घरी बसायला गेले. महिनाभराने त्यांच्या मुलांचा निरोप आला. बंगला पाडून तिथे फ्लॅटची इमारत बांधायची आहे, लवकर जागा मोकळी करा. शाळेचं वर्ष संपायचं होतं, दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा तोंडावर होत्या.

बातमी फुटल्यावर एका मोठ्या शाळेकडून एक गृहस्थ आले. सूट, हातात फाइल, बोलणं गोड. आम्ही सगळे शिक्षक वरच्या खोलीत बसलो होतो. ते म्हणाले, "तुमच्या शाळेचं नाव आहे. आम्ही तुम्हाला सामावून घेतो. शिक्षक सगळे घेऊ. मुलांची मात्र आमची टेस्ट होईल. साधारण निम्मी मुलं बसतील आमच्याकडे."

शिक्षकांच्या चेहऱ्यावर एकदम रंग आला. इथे नोकरी म्हणजे नुसता पगार नाही. नोकरीवर इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, इकाम्यावर घर, मुलांची शाळा, बायकोचा व्हिसा, सगळं. शाळा बंद झाली की सामान बांधायचं. मलाही हायसं वाटलं.

मोठे सर म्हणाले, "एक दिवस द्या मला."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले.

"म्हणजे तुम्ही आत आणि पोरगा बाहेर?"

"टेस्ट तर देऊ दे त्याला. बसेलही."

"अहो, तुम्हीच त्याला शिकवता. तुम्हाला माहीत नाही का, बसेल की नाही ते?"

मला माहीत होतं. मुलगा दारात उभा होता. त्याने इंग्रजीत विचारलं की त्याला शाळा सोडावी लागणार आहे का. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. तो म्हणाला, "ओके," आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मोठ्या सरांनी सगळ्यांना बोलावलं. ते बसले नाहीत. फळ्याला पाठ टेकून उभे राहिले.

"मी नाही म्हणून कळवलंय," ते म्हणाले.

केमिस्ट्रीच्या सरांनी हिंदीत विचारलं, "और हम लोग, सर?"

"ज्यांना जायचंय त्यांनी जावं. ते लोक तुम्हाला घेतील. कागदावर मी आजच सही करतो. माझा कुणावर राग नाही, घर सगळ्यांना आहे. पण पोरांचं काय? आयुष्यभर मी पोरं चाळली. कुणाला आत घेतलं, कुणाला गेटवरून परत पाठवलं. बाहेर ठेवलं त्यांचं उत्तर देताना मी म्हणायचो, जागा नाही. आता ही जी आत आहेत, त्यांना मी एकदा 'तू माझा' म्हटलंय. त्यांना परत चाळणीत घालू? आणि निम्म्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की तेव्हा मी चुकलो होतो?"

दोघे-तिघे शिक्षक त्या आठवड्यात गेले. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं, एकाची मुलगी तर बारावीला होती. गणिताचे सर राहिले. मीही राहिलो. त्यात फार मोठेपणा नव्हता, माझा मुलगाच शेवटच्या बाकावर होता. पण ते शब्द ऐकल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं हे खरं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली आणि मग म्हणाली, "माणूस बरा आहे हो. पण आता शाळा भरवणार कुठे?"

तोच प्रश्न होता. गणिताचे सर, मोठे सर आणि मी, तिघे दुपारी गाडी काढून जागा बघत फिरू लागलो. एक लग्नाचा हॉल बघितला, त्याला खिडक्याच नव्हत्या. शुवैखला गॅरेजांच्या रांगेत एक रिकामं गोदाम होतं. आत एवढं मोठं, की गणिताचे सर म्हणाले, इथे चार शाळा मावतील. बाहेर ट्रकचे टायर बदलण्याचे आवाज, हवेत ग्रीसचा वास. मोठ्या सरांनी आत उभं राहून मोठ्याने एक वाक्य म्हटलं आणि आवाज भिंतींवरून परत आला. "शेवटच्या बाकावर ऐकू जाईल बुवा," ते म्हणाले. पण त्या दिवशी बरोबर आलेला आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा माणूस, डोक्याला हात लावून उभा होता. कारखान्यांच्या भागात शाळेला परवानगी मिळत नाही, हे तो आम्हाला वाटेत तीनदा सांगून थकला होता.

मग आम्ही घरमालकाच्या थोरल्या मुलाकडे गेलो. त्यांच्या दिवानियात भिंतीला लागून गाद्या, मध्ये कॉफी. मोठे सर अरबीत हळूहळू बोलत होते. बाप गेल्याचं दुःख आधी, शाळेचं नंतर. थोरला मुलगा ऐकत होता. तो म्हणाला, भावंडांचा हिस्सा आहे, बांधकाम त्याला थांबवता येणार नाही. पण बोर्डाच्या परीक्षा आणि उन्हाळ्याची सुट्टी होईपर्यंत कुणी गेटला हात लावणार नाही. "वडील असते तर त्यांनी हेच केलं असतं," तो म्हणाला. आम्ही बाहेर आलो तेव्हा सरांनी गाडीत बसून डोळे मिटले. काही महिने मिळाले होते, आणि आमच्या मुलांना परीक्षा निदान आपल्या वर्गात बसून अभ्यास करून देता येणार होती.

त्या संध्याकाळी जेवताना मी जागांची रडकथा सांगत होतो. बायको मध्येच म्हणाली, "आमची शाळा दुपारी रिकामीच असते की."

"रिकामी?" मी विचारलं.

"मुली बाराच्या सुमाराला घरी जातात. मग ती एवढी इमारत नुसती एसीचा वास घेत उभी असते. तुम्ही विचारलं का कधी?"

आम्ही विचारलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मुलांची शाळा मुलींच्या इमारतीत भरवायची ही कल्पना आमच्या शाळेच्या स्वभावातच नव्हती. शिवाय एक अडचण होती. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका गोव्याच्या, शिस्तीच्या बाई. काही वर्षांपूर्वी एका प्रश्नमंजूषेत त्यांच्या मुलींनी आमच्या मुलांना हरवलं होतं, आणि मोठ्या सरांनी भर सभागृहात गुण पुन्हा मोजायला लावले होते. पुन्हा मोजल्यावर मुली आणखी पुढे निघाल्या. तेव्हापासून दोघांचं बोलणं नव्हतं.

"त्या बाई मला दारात उभं करणार नाहीत," दुसऱ्या दिवशी मी सुचवल्यावर सर म्हणाले.

पण गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, मला बरोबर घेऊन. बाईंनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. त्या हिंदीत बोलत होत्या, मधूनमधून कोकणीत, कारण सरांना ती समजत होती.

"गुण मोजायला आलाय का परत?" त्यांनी आधी विचारलं. मी मान खाली घातली. सर म्हणाले, "नाही बाई. त्या दिवशी तुमच्या मुली चांगल्या होत्या. मीच हट्टी."

बाई हसल्या. मग त्यांनी टेबलावर हात ठेवले. "खोल्या आहेत. दुपारी तुम्ही वापरा. मॅनेजमेंटला मी सांगते. पण माझी एक अट आहे. माझ्या मुलींचे भाऊ आहेत. त्यातल्या कितीतरी जणांना तुम्ही गेटवरून परत पाठवलंय. आया माझ्यापाशी येऊन रडतात. माझ्या इमारतीत खोल्या तुमच्या बंगल्याच्या तिप्पट आहेत. इथे तुम्ही ती परीक्षा घेणार असाल तर कशासाठी घेणार, ते मला सांगा."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. खिडकीतून खाली मुली रांगेने बसकडे जात होत्या. मला वाटलं, आता हे उठतात की काय. आपल्या आयुष्याचं नाव ज्या एका गोष्टीवर झालं ती सोडून द्यायला सांगितल्यावर कोण उठणार नाही?

"सांगता नाही येत मला," शेवटी ते म्हणाले. "जागा नव्हती म्हणून घ्यायचो. आता जागा आहे."

"मग?"

"मग नाही घेणार."

एवढंच. परत येताना गाडीत मी विचारलं, "सर, जुने विद्यार्थी नाराज होतील. शाळेचा दर्जा म्हणतील." ते म्हणाले, "होऊ देत. मला बरं वाटतंय. गेटवर उभं राहून नाही म्हणायचं काम फार वर्षं केलं मी." जरा वेळाने स्वतःशीच म्हणाले, "तोंडी मात्र ठेवीन हां. प्रवेशासाठी नाही. मला ऐकायला आवडतं, पोरं काय काय बघतात ते."

शिक्षण मंत्रालयाची परवानगी यायला वेळ लागला. मंदूब रोज जाई आणि रोज म्हणे, "इन्शाल्ला, बुकरा," म्हणजे उद्या. उन्हाळा चढला, परीक्षा झाल्या, निकाल चांगला लागला, आणि बंगला मोकळा करायची वेळ आली तरी कागद हातात नव्हता. मी मनातल्या मनात लातूरच्या कॉलेजांमध्ये अर्ज करायला सुरुवात केली होती. एका सकाळी मंदूबचा फोन आला. तो ओरडूनच बोलत होता. मोठे सर माझ्या शेजारी उभे होते. मी फोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी ऐकलं, "शुक्रन, शुक्रन," म्हणून आभार मानले, "परवानगी आली," म्हणत फोन मला दिला आणि अंगणातल्या कट्ट्यावर बसले. त्यांना मी शाळेत बसलेलं क्वचितच पाहिलं होतं. गणिताचे सर धावत आले, त्यांना वाटलं तब्येत बिघडली. "काही नाही," सर म्हणाले. "पाय दुखतायत. फार दिवस दुखत असणार, आज कळलं."

बाक हलवायला माझे जुने सोबती आले, ते कोकणातले सुतार. त्यांचा एक दोस्त पिकअप घेऊन आला. जुने बाक त्यांनी तपासले, खिळखिळे झालेले तिथेच अंगणात ठोकून नीट केले. उन्हाच्या आधी काम उरकावं म्हणून पहाटे सुरू केलं आणि तरी दुपार झाली. जिन्याखालचा नंबरांचा फळा भिंतीवरून काढताना एकाने विचारलं, "हा न्यायचा का?" सर म्हणाले, "न्या. सूचना लावायला होईल." नंबर मात्र त्यावर पुन्हा लागले नाहीत. ते का, हे सरांनी कुणाला समजावून सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. माझ्या मुलाने पहिल्या महिन्यात स्वतःच खिडकीजवळची जागा पकडली. तो काही गणितात पहिला आला नाही. पण बुधवारी भरपूर जेवायला लागला. बायकोला एवढं पुरलं.

दुपारच्या पाळीचा पहिला दिवस मला नीट आठवतो. एका गेटमधून मुली निघत होत्या आणि दुसऱ्या गेटबाहेर आमची मुलं बसमधून उतरून उभी होती. बंगल्याच्या गल्लीत जी पोरं आरडाओरडा करत यायची, ती त्या दिवशी केस विंचरून, टाय सारखा करून, एकमेकांच्या मागे लपत उभी होती. आत गेल्यावर भिंतींवर कागदी फुलं, फुलपाखरं, गुलाबी पडदे. बारावीच्या वर्गातल्या फळ्यावर मुलींनी इंग्रजीत लिहून ठेवलं होतं, की फळा पुसून जा, बाकाखाली कचरा टाकू नका, आणि परीक्षेला शुभेच्छा. बारावीच्या मुलांनी संध्याकाळी फळा दोनदा पुसला. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर म्हणाले, एवढ्या वर्षांत शाळा एवढी स्वच्छ कधी नव्हती.

नव्या वर्षाच्या प्रवेशाला रांग लागली, पण गेटवर कुणी रडलं नाही. शाळा मोठी झाली. दर्जा घसरला असं म्हणणारे जुने विद्यार्थी आहेत, भेटले की वाद घालतात. मी त्यांना म्हणतो, वर्गात येऊन बसा एक दिवस. काही जण येतातही. वर्गात अजून माझी चूक काढणारी मुलं आहेत, आणि ज्यांना वेळ लागतो अशीही आहेत. त्यांच्यासाठी मला जास्त तयारी करावी लागते. माझं शिकवणं त्यामुळे सुधारलं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दोन वर्षांनी मोठे सर गावी गेले, कायमचे. निरोपाला बाईंनी मुलींच्या शाळेचा कार्यक्रम लांबवून मुलामुलींना एकत्र बसवलं. परवानगीपुरतं मध्ये अंतर ठेवून.

मागच्या महिन्यात धुळीचं वादळ आलं. दुपारी आकाश नारिंगी झालं, समोरची इमारत दिसेनाशी झाली. आम्ही शाळा लवकर सोडली, पण बस रस्त्यात अडकल्या. पालकांचे फोन थांबेनात. मी गेटपाशी तोंडाला रुमाल बांधून उभा होतो, आणि एकेका बसचा ड्रायव्हर कळवत होता तसा मनाशी हिशेब करत होतो. त्यातच सरांचा फोन आला. खाडीकाठच्या घरी त्यांनी टीव्हीवर बातमी पाहिली होती.

"पोरं पोचली का सगळी?"

"शेवटची बस आत्ता पोचली सर. सगळी घरी आहेत."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता तूही घरी जा. डोळे धू आधी."